चिवड्याची गोडी कशात आहे?



आमच्या घरी चिवड्याचा डबा कधी रिकामा राहिला नाही. मुंबईत होतो तेव्हा तो पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. इथे लोदला आल्यावर प्लॅस्टिकचा झाला, एवढाच फरक. शब्बाथला सिनेगॉगमधून घरी आलेल्या माणसापुढे चहा नंतर येई, वाटीभर चिवडा आधी. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून चिवडा तीच करते. माप कधी नव्हतेच. पोहे डोळ्यांनी, हिंग चिमटीने आणि मीठ मुठीने.

दोन-तीन वर्षांपासून हा चिवडा खारट होऊ लागला. आधी कोणी काही बोलले नाही. नातवंडे एक घास घेत, पाणी मागत, आणि मग गुपचूप बिसलीची पिशवी फोडत. एके दिवशी धाकट्याने तोंडावर सांगितले, "साव्ता, मलूआख मिदाय!" फार खारट. आई हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, मी तर नेहमीएवढेच घातले."

त्याच हिवाळ्यात तिचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी खारट कमी करायला सांगितले. आईने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला: चिवडा बंद. डबा कपाटावर गेला. ती दोन आठवडे चहाबरोबर सुका टोस्ट खात बसली, आणि तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला बरे वाटले असते.

त्या दोन आठवड्यांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचले आणि स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसले. त्यातून एक गोष्ट कळली, तीच इथे सांगायची आहे. चिवडा, शेव, चकली, खारे दाणे यांनी जिवाला जे समाधान मिळते ते एकट्या मिठाचे नसते. मीठ हा त्यातला एक भाग. बाकीचे भाग नीट सांभाळले तर मीठ निम्म्याहून खाली आणता येते, आणि डबा कपाटावर ठेवावा लागत नाही.

एकच पोहे, दोन वाटा

पोह्यांशी आपले नाते जुने आहे. मलिद्याचे ताट पोह्यांवाचून होत नाही. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, सोबत फळे, आणि एलियाहू हनाबीचे स्मरण. त्याच पोह्यांना पाण्याऐवजी तेल दाखवले की चिवडा होतो. पाण्याने पोहे मऊ पडतात, तेलाने कुरकुरीत होतात.

पोहे म्हणजे मुळात एकदा शिजलेलाच तांदूळ. भात भिजवून, भट्टीत भाजून मग चेपलेला. म्हणून चिवड्याला शिजवण्याचे काम उरत नाही, फक्त पोह्यांतले उरलेसुरले पाणी काढून टाकायचे असते. जाड पोहे कडक तेलात टाकले की आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडताना पोहा फुलतो, आणि काही सेकंदांत काम झालेले असते. पातळ पोहे तळायचे नसतात. त्यांना ऊन दाखवावे, मंद आचेवर भाजावे आणि वरून फोडणी घालावी. ऊन न दाखवता थेट फोडणीत टाकले तर ते आक्रसतात.

आपल्या घरांत चिवडा टिकला त्याला आणखी एक कारण आहे. त्यात मांस नाही आणि दूध-तूपही नाही, सगळे काम तेलावर. म्हणजे तो पारवे. मांसाच्या जेवणानंतर पाहुणा आला तरी चालतो, दुधाच्या चहाबरोबरही चालतो. शुक्रवारी सकाळी करून ठेवला की शब्बाथला चूल पेटवायला नको, गरम करायला नको. डबा उघडला की झाले.

तेल: शनिवार तेल्यांचा वारसा

कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत हे आपण मुलांना सांगतोच. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या बाजूच्या गावांतून ते घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. घाण्याचे ताजे तेल ज्याने चाखले आहे त्याला तेलाचा वास म्हणजे काय हे कळते. आज बाटली उघडून महिनाभर चुलीजवळ ठेवतो आणि चिवडा खवट का लागतो म्हणून कोडे पडते.

तेल दोन कामे करते. पहिले काम उष्णतेचे. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, तेल मात्र एकशे सत्तर-ऐंशी अंशांवर सहज असते. त्या उष्णतेला पदार्थाचे पृष्ठ तांबूस होते आणि भाजल्या-तळल्याचा तो वास येतो. उकडलेल्या दाण्याला तो वास नसतो, तळलेल्या दाण्याला असतो.

दुसरे काम वासाचे. हिंग, मोहरी, जिरे, कढीपत्ता, मिरची यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो. म्हणून फोडणी. फोडणीचे तेल प्रत्येक पोह्याला पातळ थराने लागते आणि घासागणिक तो वास नाकापर्यंत पोचतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा नाकाचा असतो. सर्दी झाली की चिवडाही लाकडासारखा लागतो, तो म्हणूनच.

इथेच आईच्या चिवड्याचे गूढ मला उकलले. वयाबरोबर आधी नाक मंदावते, जीभही थोडी मंदावते, आणि काही औषधांमुळेही चव उतरते. आई चव पाहून मीठ घालत होती. तिच्या जिभेला ते "नेहमीएवढेच" लागत होते. हात चुकला नव्हता, जीभ बदलली होती. तुमच्या घरी वडील माणसाच्या हातचे अलीकडे खारट लागत असेल तर रागावू नका, हसू नका. वजनकाटा आणा.

हिंगाबद्दल एक सूचना. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पेसाहला, आणि ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी, डबीवरचा मजकूर वाचूनच हिंग वापरावा.

कुरकुर: कानाने खाणे

पिठूळ पदार्थात पाणी फार थोडे उरले की तो काचेसारखा होतो. दात टेकवला की वाकत नाही, तडकतो. पाणी थोडेसे वाढले की तोच पदार्थ चिवट होतो. यालाच आपण सादळणे म्हणतो. सादळलेल्या चिवड्यात मीठ तेच असते, तेल तेच, मसाला तोच, तरी कोणी हात लावीत नाही. यावरून कुरकुरीची किंमत ओळखावी.

ही कुरकुर दातांना जाणवते तशी कानांनाही जाणवते. ऑक्सफर्डमध्ये झॅम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या दोघांनी 2004 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बटाट्याचे वेफर खाणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन लावून त्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज ऐकवला. आवाज मोठा केला, किंवा त्यातले टिपेचे सूर वाढवले, की लोक म्हणत, हा वेफर जास्त कुरकुरीत आहे, ताजा आहे. वेफर सगळे सारखेच होते. या प्रयोगाला 2008 मध्ये इग नोबेल मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते हे पारितोषिक.

आपल्या देशात ही कुरकुर गावागणिक वेगळी. दिमोना, येरुहामकडे नेगेवची हवा कोरडी, तिथे चिवडा उघडा राहिला तरी निभावते. अश्दोदला समुद्राची दमट हवा, तिथे तासाभरात मऊ पडतो. सादळला तर फेकू नका आणि वर मीठ भुरभुरून चव आणायला जाऊ नका. ओव्हनमध्ये पसरून शंभर अंशांवर दहा मिनिटे ठेवा, बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम भरला तर वाफ आत कोंडते आणि पुन्हा तेच होते.

मीठ: थोडे असले की गोड

आता मुख्य आरोपीकडे वळू.

मिठाशी आपले नाते घरचेही आहे आणि धर्माचेही. पेण-उरणकडची मिठागरे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेली. मंदिराच्या काळात प्रत्येक अर्पणाबरोबर मीठ असे, म्हणून आजही शब्बाथची भाकरी मिठाला लावून खातो. मांस कशेर करायला अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड मिठात ठेवण्याचे काम आपल्या आयांनी वर्षानुवर्षे केले. आणि आता आपण राहतो त्या देशातल्या एका समुद्राचे नावच याम हमेलख, मिठाचा समुद्र.

शरीराला मीठ लागतेच. त्यातले सोडियम, हिब्रूत नत्रान, मज्जातंतूंच्या आणि पाण्याच्या कामासाठी हवे असते. म्हणून जिभेवर त्यासाठी वेगळी दारे आहेत. लाळेत विरघळलेले सोडियम त्या दारांतून आत शिरते आणि मेंदूला "छान" असा निरोप जातो. प्रमाण फार वाढले तर कडू आणि आंबट ओळखणाऱ्या पेशीही जाग्या होतात आणि तोंड वाकडे होते. धाकट्याचे झाले तसे.

मिठाचा दुसरा गुण कमी लोकांना माहीत असतो. ते कडवटपणा दाबते. दाण्याचे साल, किंचित जास्त भाजलेले डाळे, हळद, या सगळ्यांत थोडा कडवटपणा असतो. चिमूटभर मिठाने तो मागे जातो आणि दाण्याची, खोबऱ्याची मूळची गोडी पुढे येते. आपण म्हणतो, मिठाने चव आली. खरे तर चव तिथे होतीच, मिठाने वाट मोकळी केली. या कामाला मीठ फार लागत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत उपयोगाची. जीभ फक्त विरघळलेले मीठ ओळखते. चकलीच्या पिठात मळलेले मीठ बरेचसे आतच राहते आणि चव न देता पोटात जाते. चिवड्याचे मीठ पोह्याच्या वर असते, जिभेला लगेच भेटते. ते जितके बारीक तितके लवकर विरघळते. जाड मीठ घातले तर काही खडे विरघळण्याआधीच गिळले जातात. म्हणून चिवड्यासाठी मीठ मिक्सरमध्ये पिठीसारखे वाटून घ्यावे. तेवढीच चव कमी मिठात येते.

दहा वस्तू, एक घास

चिवड्यात पोहे, दाणे, डाळे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मिरची, कोणाकडे मनुका, कोणाकडे शेव. एक घास दुसऱ्यासारखा नसतो. एकात दाणा येतो, दुसऱ्यात मिरचीचा तुकडा. जीभ एकाच चवीला कंटाळते, पण चव बदलत राहिली की कंटाळा लांबतो. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हे मोजून दाखवले. लोकांना एकाच सारणाची सँडविचे दिली त्यापेक्षा चार वेगवेगळ्या सारणांची दिली तेव्हा त्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले.

चिवड्याचे हे बळही आहे आणि खोडही. बळ असे की वस्तू जास्त असल्या की मिठावर भिस्त कमी राहते. खोड अशी की हात थांबत नाही. शंभर ग्रॅम तळलेला चिवडा म्हणजे साधारण पाचशे कॅलरी, पुरे एक जेवण. म्हणून डबा मांडीवर घेऊन टेलिव्हिजनसमोर बसू नये. वाटीत काढावे, डब्याला झाकण लावावे, डबा परत जागेवर ठेवावा. आपल्या आया पाहुण्यांना वाटीतून देत, ते किती शहाणपणाचे होते!

आणि आंबट-गोड. थोडा आंबटपणा असला की कमी मीठही पुरेसे खारट लागते. इथे सुपरमध्ये मेलख लिमोन मिळते, ते आपले लिंबूसत्व. नावात मेलख आहे म्हणून काही वडीलधारी ते वर्ज्य समजतात. त्यात मीठ मुळीच नाही. पाव चमचा पिठीसाखरेबरोबर वाटून घातले की चिवडा जिवंत होतो.

नातवंडांची खारी

नातवंडांवर रागावण्याआधी त्यांच्या पिशव्यांत काय आहे ते पाहू. बांबा 1964 मध्ये आला तो चीजच्या चवीचा. तो फारसा चालला नाही. 1966 मध्ये दाण्यांच्या चवीचा आला आणि घराघरांत पोचला. मक्याचा भरडा फुलवून, भाजून, वर दाण्याचे लोणी लावलेले असते. तळलेला नसतो. दाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएली मुलांत कमी का, हा प्रश्न या बांबामुळेच संशोधकांना पडला. 2008 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या ज्यू मुलांशी तुलना केली तर तिथल्या मुलांत अ‍ॅलर्जीचे प्रमाण इथल्याच्या सुमारे दहापट निघाले. पुढे इंग्लंडमध्ये धोका असलेल्या 640 बाळांवर चाचणी झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष आला: लहानपणापासून दाण्याचा पदार्थ नियमित खाणाऱ्यांत ही अ‍ॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाली. अख्खे दाणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात. चिवडा देताना हे लक्षात ठेवावे.

बिसली 1970 ची. बिस शेली, "माझा घास", यावरून नाव. गव्हाचे पीठ मळायचे, साच्यातून आकार काढायचा, तळायचे, वर मसाला लावायचा. वाचकहो, हे कशाचे वर्णन झाले? साचा बदला, पीठ बदला, आणि आपली शेव किंवा चकलीच समोर येते. बिसली आवडणाऱ्या मुलाला चकली परकी नाही. फक्त त्याच्यासमोर ती कोणी पाडत नाही. माझ्या धाकट्याच्या हाती सोऱ्या दिला तेव्हा पहिल्या दोन चकल्या तुटल्या. तिसरी त्याने स्वतःच्या हाताने तळणीत सोडायचा हट्ट धरला, आणि ती कोणाला दिली नाही.

राहिले गरीनीम, सूर्यफुलाच्या काळ्या बिया. यांचे बहुतेक मीठ टरफलावर असते. आपण टरफल चोखतो, फोडतो, थुंकतो, आणि पोटात जाते चिमूटभर बी. खाणे थोडे, मीठ पुष्कळ. रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाचे भाजलेले मागावेत, पित्सुखीमच्या दुकानांत मिळतात.

मग मीठ किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पूर्ण नाही. यात भाजी, भाकरी, चीज, लोणचे सगळे आले. कशेर करून मिळणाऱ्या कोंबडीत आणि मांसात मीठ आधीच थोडे मुरलेले असते, तेही यातच धरायचे.

पाकिटावर मिठाचा नाही, नत्रानचा आकडा असतो, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. 400 मिलिग्रॅम नत्रान म्हणजे एक ग्रॅम मीठ. आपल्या सरकारने 2020 पासून पाकिटांवर लाल गोल खूण सक्तीची केली. घन पदार्थांत शंभर ग्रॅमला 500 मिलिग्रॅमच्या वर नत्रान असेल तर ती येई, 2021 पासून ही मर्यादा 400 वर आली. घरच्या डब्यावर मात्र कोणी लाल खूण लावत नाही. म्हणून मी आईच्या मुठीखाली ताटली धरली आणि पडलेले मीठ काट्यावर ठेवले. बावीस ग्रॅम! तयार चिवडा होता सुमारे नऊशे ग्रॅम. हिशेब केला तर शंभर ग्रॅमला जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे लाल खुणेच्या मर्यादेच्या सुमारे अडीचपट. आईच्या दोन वाट्या चिवड्यातच दिवसाचे चाळीस टक्के मीठ संपत होते.

आता आमच्या घरी ठरलेले माप असे:

पातळ पोहे अर्धा किलो, शेंगदाणे दीडशे ग्रॅम, डाळे शंभर ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप पन्नास ग्रॅम, तेल अर्धी वाटी. हिरव्या मिरच्या सहा-सात, कढीपत्ता दोन मुठी, मोहरी, जिरे, हिंग, हळद, भाजलेल्या धण्यांची पूड एक चमचा, पिठीसाखर दोन चमचे, लिंबूसत्व पाव चमचा. आणि मीठ दीड चमचा, सपाट, वाटलेले. सुमारे नऊ ग्रॅम.

पोह्यांना ऊन दाखवून, ते मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजून बाजूला ठेवावेत. तेलात आधी दाणे, मग खोबरे, मग डाळे परतून काढावे. त्याच तेलात मोहरी तडतडली की जिरे, मिरची आणि कढीपत्ता. मिरची आणि पाने पूर्ण कोरडी होईपर्यंत घाई करू नये. पानांत पाणी राहिले तर सगळा डबा सादळतो. मग हिंग, हळद, धणेपूड, आणि आच बंद. पोहे आणि बाकी सर्व घालून हलक्या हाताने ढवळावे. मीठ, साखर, लिंबूसत्व एकत्र करून चिवडा गरम असतानाच वरून भुरभुरावे, म्हणजे तेलाला चिकटते. गार झाल्यावर घातले तर तळाशी जाते, आणि शेवटची वाटी खाणाऱ्याच्या वाट्याला सगळे मीठ येते.

मीठ एकदम नऊ ग्रॅमवर आणू नये. आधी बावीसचे सोळा, महिन्याने बारा, मग नऊ. जिभेला नव्या मापाची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. ती झाली की जुना चिवडा आपल्यालाच खारट लागतो.

आणखी दोन सूचना. कमी नत्रानचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि दर्फळणीच्या सणाच्या आदल्या दिवशी डबा बंदच ठेवावा. उपासात भूक सोसते, खाऱ्याची तहान सोसत नाही.

शेवटी

डबा कपाटावरून खाली आला आहे. आईच्या डॉक्टरांना मी माप दाखवले. दिवसाला एक वाटी, असे ठरले. मीठ आता धाकटा मोजतो. चमच्यावर सुरीची पाठ फिरवून सपाट करतो आणि साव्ताला दाखवतो. माप त्याने वहीत हिब्रूत लिहून ठेवले आहे. आमच्या घरात चिवड्याचे माप लिहिले गेले ते पहिल्यांदाच.

आई अजून म्हणते, "आळणी आहे." पण तिची वाटी रिकामी होते, आणि नातवंडे पाणी न मागता दुसरा घास घेतात.

वाचकहो, आपल्या घरी चिवडा, चकली, शेव करणारी वडील माणसे असतील तर एकदा त्यांच्या मुठीखाली ताटली धरा आणि माप लिहून घ्या. मीठ कमी करायला ते लागेलच. उद्या ती मूठ नसेल तेव्हाही लागेल. आपल्या घरची मापे मासिकाकडे जरूर पाठवा.